पांढरी एक, पाच, दोन, सहा

रशियन संगीतकार शोस्ताकोविच याचा व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) आणि पियानो यांच्यासाठीचा सोनाटा, म्हणजे तीन भागांची वाद्यरचना, गज न लावताच सुरू होतो. वादक मोकळ्या तारा बोटानं नुसत्या छेडतो, पंचमाच्या अंतरानं. मिरजेत वाढलेल्या माझ्यासारखीला वाटतं, वाद्य लागतंय अजून, गाणं सुरू व्हायचंय. तेवढ्यात पियानो शिरतो आणि सा कुठला, हेच समजेनासं होतं.

व्हायोलाच्या तारा खालून पांढरी एक, पाच, दोन, सहा; पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांचे हे आकडे. म्हणजे व्हायोलिनच्या एक पंचम खाली. इतकं खाली उतरायचं तर वाद्याचं पोट खरं तर बरंच मोठं हवं, पण मग ते हनुवटीखाली धरणार कोण? म्हणून आकार आवरता घेतात आणि खर्ज जरा दबलेला, नाकातला येतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासतात, तारेखाली सुताचा दोरा केसभर मागे-पुढे सरकवतात, तार छेडून बघतात, पुन्हा घासतात. घोडीवर तार अशी गुंजते ती जवारी; त्या गोल, खुल्या खर्जावर पोसलेल्या कानाला व्हायोला म्हणजे बंद जवारी. मला आता तीच आवडते. सांगलीत इतकी वर्षं व्हायोलिन शिकवते, पण प्रत्यक्ष व्हायोला अजून हातात धरलेला नाही, हे आपलं जाता जाता.

ही शोस्ताकोविचची शेवटची रचना. 1975 च्या जुलैत पुरी केली, 9 ऑगस्टला गेला. ‘बेथोव्हेन क्वार्टेट’ या चार वादकांच्या संचातले व्हायोलावादक फ्योदोर द्रुझिनिन यांना ती अर्पण केली आणि ऑक्टोबरात लेनिनग्राडला त्यांनीच ती लोकांसमोर वाजवली. तिसऱ्या भागात बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ या पियानो सोनाटाची लय पियानोत येते आणि शेवट पांढरी एकच्या स्वरांत विरत जातो. झालं, जो तो लिहितो: मृत्यूचं संगीत, निरोपाचं संगीत.

मग मधल्या भागाचं काय करायचं? तो तर चक्क टवाळ आहे. रशियन लेखक गोगोलच्या ‘जुगारी’ नाटकावर शोस्ताकोविच ऑपेरा करत होता, 1942 मध्ये अर्धवट सोडला. त्यातलंच संगीत त्यानं इथं उचललंय. पत्त्यांत एकमेकांना फसवणाऱ्या लबाडांची गोष्ट ती! मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला तेहतीस वर्षांपूर्वीची ती थट्टा पुरी करावीशी वाटली, हे मला ‘मूनलाइट’पेक्षा मोठं वाटतं. व्हायोलावादक बाश्मेत आणि पियानोवादक रिख्तर यांच्या रेकॉर्डिंगमध्ये हाच भाग आधी ऐका, असं मी सगळ्यांना सांगते.

परवा क्लासमध्ये लावला. आमचे तबल्याचे काका कोपऱ्यात चहा पीत होते. सुरुवातीची चाल ऐकून त्यांनी मांडीवर केरवा धरला, मान डोलावली, आणि थोड्याच वेळात हात थांबवून म्हणाले, “बाई, हा माणूस समेवर येतोय असं दाखवतो आणि बगल देऊन जातो की!”

परत लावायला सांगितलं त्यांनी. पोरींचा अलंकाराचा तास त्यात बुडाला.