आवाज मागेपुढे झाला तेव्हा

आमच्या थिएटरात हल्ली बहुतेक सिनेमे सर्व्हरवरून चालतात. प्लेलिस्ट लावायची, आवाजाची पातळी बघायची, झालं. त्यामुळे ३५ मिमीची प्रिंट येणार म्हटलं की केबिनमध्ये जरा सणासारखं वाटतं, आणि थोडी धास्तीही असते. त्या शनिवारी आली होती ‘सिंगिंग इन द रेन’. जीन केली आणि स्टॅन्ली डोनेन यांनी दिग्दर्शित केलेला १९५२ चा सिनेमा, १०३ मिनिटांचा. रिळांचे डबे घेऊन वरपर्यंत जिना चढताना सिनेमाला वजन असतं हे पक्कं कळतं.

थिएटर मूकपटांच्या काळातलं. केबिन बाल्कनीच्याही वर, पार छताजवळ. तिथून प्रकाशाचा झोत इतका तिरका खाली उतरतो की पडद्यावरचं चित्र वर अरुंद आणि खाली रुंद पडतं. त्याला जुन्या लोकांचा उपाय म्हणजे ॲपर्चर प्लेट, फिल्मच्या गेटमध्ये बसणारी पत्र्याची छोटी चौकट. ती कानशीने घासत घासत तिरकी करायची, म्हणजे पडद्यावरच्या कडा सरळ दिसतात. दोन प्रोजेक्टरांच्या दोन वेगळ्या प्लेटी. अशी घासलेली प्लेट दुसऱ्या थिएटरात नेली तर कवडीच्या उपयोगाची नाही.

सकाळी चाचणीच्या वेळी हाताखालचा पोरगा मशीनमधल्या रुंद चित्राच्या प्लेटकडे बोट दाखवून म्हणाला, “ताई, हीच राहू दे ना? कशाला बदलायची?” त्याला नुसतं सांगण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी त्याच प्लेटवर रीळ चालवलं. पडद्यावर केली नाचतोय, आणि घोट्याखाली काहीच नाही. हे सिनेमे १.३७ : १ च्या चौकटीत घेतलेले, जवळजवळ चौकोनी. नाचणारा माणूस डोक्यापासून बुटापर्यंत दिसावा असा हिशेब करून कॅमेरा लावलेला. रुंदीच्या हौसेपायी वरखाली कापलं की टॅप डान्सचा फक्त आवाज उरतो. डोनाल्ड ओकॉनर धावत भिंतीवर चढून उलटी कोलांटी मारतो तिथे तर डोकं एकीकडे नि पाय भलतीकडे. पोरगा हसत सुटला आणि स्वतःच जुनी पत्र्याची पेटी शोधून घेऊन आला. तिच्यातल्या प्लेटींच्या कडांवर कानशीचे ओरखडे अजून चमकतात. कोणी घासल्या ते ठाऊक नाही, पण हात बसलेला माणूस होता एवढं नक्की.

मग फिल्म ओवायची. बाहेरच्यांना यातली खरी गंमत माहीत नसते: फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. गेटमध्ये फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबते, म्हणून चित्र स्थिर दिसतं. आवाजाला मात्र थांबलेलं चालत नाही, तो सलग सरकत्या फिल्मवरूनच वाचावा लागतो. म्हणून आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेली असते आणि ती वाचणारा भाग गेटच्या खाली असतो. या दोन्हींच्या मध्ये फिल्मचा सैल लूप सोडायचा. तो नेमका बसला तर ओठ आणि शब्द जुळतात, कमीजास्त झाला तर नाही. शिवाय हॉल मोठा. एका फ्रेमच्या वेळात आवाज हवेतून जेमतेम १४ मीटर जातो, म्हणजे शेवटच्या रांगेत तो उशिराच पोचतो. केबिनमधल्या मॉनिटर स्पीकरवर विसंबून कोणी ओठ जुळवायला गेला तर फसलाच. मी पोराला बाल्कनीच्या मध्यावर बसवलं आणि तो ठीक म्हणेपर्यंत रीळ पुन्हा पुन्हा चालवलं.

एवढा आटापिटा याच सिनेमासाठी करावा लागावा, ही मौजच. कारण गोष्टच तीच आहे. १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट चालला आणि मूकपटवाल्यांची धांदल उडाली, त्या काळाची. सिनेमातल्या स्टुडिओचा पहिला बोलपट थिएटरात लागतो आणि ऐन खेळात आवाज घसरतो. पडद्यावरची नायिका मान हलवून नकार देतेय, आणि ऐकू येतो खलनायकाचा घोगरा होकार.

संध्याकाळी हॉल चांगला भरला होता. रिळाच्या शेवटाची खूण म्हणून पडद्यावर पहिला ठिपका, वर उजव्या कोपऱ्यात, दुसऱ्या मशीनची मोटर चालू. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, चेंजओव्हर, म्हणजे खेळ या मशीनवरून त्या मशीनवर. ठिपका जेमतेम चार फ्रेम टिकतो, म्हणून रीळ संपत आलं की मी काचेपासून हलत नाही. तशीच उभी होते तेव्हा तो प्रसंग आला. नायिकेच्या तोंडून पुरुषी आवाज निघाला आणि बाल्कनीतली निम्मी डोकी गर्रकन मागे वळली. थेट माझ्या खिडकीकडे. एका आजोबांनी तर हात वर करून “अहो!” केलं. दुसऱ्याच क्षणी सिनेमातले प्रेक्षक हसायला लागले, मग आमचेही, आणि आजोबा हळूच पुढे वळले. इतकी वर्षं केबिनमध्ये काढली, पण पडद्यावरच्या विनोदात माझी अशी भूमिका कधी नव्हती.

यातली आणखी एक मेख मला फार आवडते. गोष्टीत डेबी रेनॉल्ड्सची नायिका जीन हेगनच्या कर्कश नटीला पडद्याआडून आवाज देते. प्रत्यक्षात त्या संवादांच्या डबिंगला आवाज हेगनचाच वापरला, कारण तिचा खरा आवाज उत्तम होता. आणि रेनॉल्ड्स जे गाणं तिच्यासाठी गाते, ते गायलंय बेटी नॉइजने. म्हणजे जिची चोरी उघड करायची, तिचाच आवाज उसना.

खेळ संपल्यावर मी रिळं उलटी गुंडाळत होते तेव्हा मॅनेजर वर आले. चेहरा गंभीर.

“मॅडम, दोन तक्रारी आल्यात. मध्ये आवाज मागेपुढे झाला म्हणे.”

मी प्रसंग समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग उद्याच्या खेळाआधी दारावर सूचना लावू या का?”

मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी मात्र तो प्रसंग येण्याआधीच मी पोराला काचेपाशी बोलावून घेतलं. डोकी परत वळली. त्याने मोजायला सुरुवात केली होती, पण हसण्याच्या नादात आकडा चुकला.