पायाचा ठोका

रेडिओसाठी वादकाची मुलाखत घेताना पहिला प्रश्न कोणता विचारावा, असे मला अधूनमधून नवे निवेदक विचारतात. माझे उत्तर त्यांना फारसे आवडत नाही. पहिला प्रश्न विचारूच नये, वादकाच्या हाती वाद्य द्यावे, आणि ते जुळवता जुळवता तो जे काही बोलेल ते मुद्रित होऊ द्यावे, असे मी सांगते. या मतापर्यंत मी माझ्याच एका मुलाखतीची वाट लावून पोहोचले आहे.

माझे बालपण गोव्यातल्या फोंड्याचे. घरात पेटी, शेजारी देऊळ, आठवड्याला भजन. त्यामुळे ताल म्हणजे सम आणि सम म्हणजे पहिली मात्रा, हे कोणी न शिकवताच अंगात भिनलेले होते. एका स्थानिक केंद्रावर नैमित्तिक निवेदिका म्हणून काम करू लागले तेव्हा माझ्याकडे सासष्टीतील एका वयोवृद्ध वादकांची मुलाखत आली. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांतील जाझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवीत. पुढे दात गेले, ट्रम्पेट सुटला आणि साधी, विजेविना वाजणारी गिटार तेवढी उरली. मी बावीस प्रश्न लिहून नेले होते. संगीताची आवड कशी निर्माण झाली, प्रेरणा कोणाची, नव्या पिढीला काय सांगाल, अशा वळणाचे ते प्रश्न होते. त्यांची उत्तरेही त्याच वळणाची आली, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

मध्येच कंटाळून त्यांनी गिटार उचलली आणि एक जुनी चाल वाजवू लागले. मी नकळत पायाने ताल धरला. "बाये, तुजो पांय चुकता," ते हसून म्हणाले. मी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पाय टाकत होते. त्यांचा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडत होता. मग पुढची दहा मिनिटे त्यांनी तो फरक मला समजावून दिला. मात्रेचे दोन भाग करताना जाझमध्ये ते सारखे पडत नाहीत. पहिला भाग रेंगाळतो, दुसरा आखूड होऊन पुढच्या मात्रेला जाऊन चिकटतो, आणि लय जलद होत गेली की हा फरक कमी कमी होतो. स्विंग म्हणतात तो हाच, आणि कागदावर तो नेमका लिहिता येत नाही. आमच्याकडचा केरवा तालसुद्धा चांगल्या तबलजीच्या हातात कागदावरच्यासारखा सरळ राहत नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवले.

त्यानंतर मी संकलनाला बसले आणि स्वच्छतेच्या नादात सगळे घालवले. गिटारखाली ऐकू येणारा धप्प धप्प आवाज मला टेबलाला धक्का लागल्यासारखा वाटला, म्हणून तो आवाज कमी करणाऱ्या प्रणालीने पुसून टाकला. उत्तरांमधल्या थांबण्याच्या जागा काढल्या, श्वास काढले. प्रसारणाच्या रात्री घरी ऐकत असताना लक्षात आले की ज्याच्या आधाराने त्यांनी स्विंग समजावला होता तो पायाचा ठोकाच मी काढून टाकला होता, आणि उरलेले वादन कोणी तरी सरावाचे धडे वाचून दाखवावेत तसे वाटत होते. मूळ ध्वनिमुद्रण तोवर दुसऱ्या कार्यक्रमाखाली पुसले गेले होते.

गोव्यात ही चूक अधिक खटकते, याला इतिहासाचे कारण आहे. इथल्या चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना वाद्य देण्याआधी सोल्फेज, म्हणजे स्वरलेखन वाचून गायला शिकवीत. त्यामुळे समोर ठेवलेला कागद पहिल्याच नजरेत वाचणारे वादक इथल्या गावांतून तयार होत गेले. 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये आला. त्या काळात आणि त्यानंतर मुंबईच्या हॉटेलांत जाझ रुजले, तेव्हा तिथल्या बँडच्या खुर्च्या भरायला गोव्याचे वादक होते. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, रात्री ट्रम्पेट वाजवीत आणि दिवसा सी. रामचंद्र यांच्या चित्रपटगीतांना त्यांचा हात लागे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद लिहिले, परंतु श्रेयनामावलीत ते सहायक म्हणून राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव सगळ्या देशाला ठाऊक आहे, पण ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 सालच्या गाण्यात घातले म्हणून. त्या नावाचा खराखुरा व्हायोलिनवादक होता हे कित्येकांना आजही सांगावे लागते. हे झाले मोठे लोक. त्यांच्या मागच्या रांगेत बसून दुसरा ट्रम्पेट वाजवणाऱ्यांची नावे तबकडीवर छापण्याची रीतच नव्हती. अशा माणसाचे काम कोठे नोंदले जायचे असेल तर ते त्याच्या आवाजात आणि त्याच्या वाद्यावरच नोंदले जाईल.

म्हणून मला मॅरियन मॅकपार्टलंड यांचा पियानोवरचा अमेरिकन रेडिओ कार्यक्रम इतका मोलाचा वाटतो. त्या स्वतः पियानोवादक. पाहुण्यालाही पियानोवर बसवीत आणि प्रश्न अडला की दोघेही वाजवून पाहत. 1978 साली ध्वनिमुद्रित झालेल्या, जाझ पियानोवादक बिल इव्हान्स यांच्या भागात ते एका गाण्याचा सांगाडा आधी मोकळा करून दाखवतात आणि मग त्यावर एकेक थर चढवीत जातात. "तुमची शैली कशी घडली?" या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मिळणार नाही, आणि प्रश्न तर तसा विचारलाही गेला नव्हता. याउलट व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन सरकारी रेडिओवर जाझचा कार्यक्रम सादर करणारे विलिस कोनोव्हर अतिशय सावकाश, मोजके इंग्रजी बोलत, कारण त्यांचे श्रोते इंग्रजी शिकणारे परदेशी होते. 1955 पासून लघुलहरींवर जगभर ऐकला गेलेला हा आवाज खुद्द अमेरिकेत मात्र फारसा कोणाला माहीत नव्हता. माझे वृद्ध वादक मुंबईच्या खोलीत खरखरीतून हाच कार्यक्रम ऐकत आणि ऐकू येईल तेवढे कागदावर उतरवून घेत.

खरखरीचा उल्लेख आला म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगते. मध्यम लहरींवर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज पोहोचत नाही. एफएमवर तो पंधरा हजारांपर्यंत जातो. ड्रमवर ब्रश फिरवण्याची जी सरसर जाझमध्ये सतत चालते, ती मध्यम लहरींवर जवळजवळ नाहीशी होते. पाय मात्र दोन्हीकडे पोहोचतो.

दोन वर्षांनी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. बावीस प्रश्न घरीच ठेवले. एकच ठरवला होता, दुसरा ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे नेमके काम काय असते. त्यावर ते बराच वेळ बोलले. पहिल्याचा ओठ थकला की त्याच्या स्वरांचा भार हळूच उचलायचा, आणि तो उचलल्याचे नाचणाऱ्यांना कळू द्यायचे नाही. स्टुडिओच्या गालिच्यात ठोका विरून जातो, म्हणून त्यांच्याच बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, ध्वनिमुद्रण केले. गिटारचा मायक्रोफोन भोकासमोर लावला की आवाज घुमतो, म्हणून तो बाराव्या पडद्याच्या दिशेने, हातभर अंतरावर ठेवला. दुसरा मायक्रोफोन जमिनीलगत, एका जुन्या सागवानी फळीजवळ ठेवला. फळीकडे पाहून त्यांनी काय ते ओळखले, आणि काही न बोलता चपला काढून बाजूला ठेवल्या.

एकूण एक्केचाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण झाले आणि प्रसारणाला सत्तावीस मिनिटे होती. कापायला बसले तेव्हा सगळ्यांत आधी माझा स्वतःचा आवाज काढला. तेवढ्याने चार मिनिटे सुटली. उरलेल्या दहासाठी मी तीन रात्री बसले होते.