‘महाराष्ट्र’ची लांबी किती?

पायथन, जावा किंवा जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषांना ‘महाराष्ट्र’ची लांबी विचारा, उत्तर येतं १०. गो आणि रस्ट सांगतात ३०. मराठी माणूस बोटांवर मोजेल ४. खोटं कोणीच बोलत नाही. पायथन कोडपॉइंट मोजतो, म्हणजे यूनिकोड या जागतिक लिपी-मानकातली सुटी चिन्हं: अक्षर, काना, हलंत (पाय मोडण्याचं चिन्ह) सगळे वेगळे. जावा आणि जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ या साठवणीच्या पद्धतीतली एककं मोजतात, पण देवनागरीत आकडा तोच येतो (इमोजी आली की फरक कळतो). गो आणि रस्ट यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीतले बाइट मोजतात आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट खातो.

म्हणून कोणती लांबी हवी हे आधी ठरवा. ओरॅकलच्या यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये ‘व्हारचार२(३०)’ हा मजकुराचा रकाना म्हणजे डिफॉल्टनुसार ३० बाइट. ‘महाराष्ट्र’ त्यात काठोकाठ बसतो, ‘महाराष्ट्रात’ लिहिलं की ओआरए-१२८९९, म्हणजे ‘मजकूर मावत नाही’ ही त्रुटी. तिथे ‘३० चार’ (म्हणजे ३० कॅरेक्टर) असं स्पष्ट लिहावं लागतं. मायएसक्यूएलचा व्हारचार मात्र अक्षरसंख्येवर, म्हणजे कोडपॉइंटवर चालतो.

कापाकापीतही तेच. पहिले ७ कोडपॉइंट घेतले तर हाती येतं ‘महाराष्’, पाय मोडलेल्या षसकट. स्ट्रिंग उलटी केली तर ‘र्ट्षाराहम’: काने भलत्याच अक्षरांना चिकटतात. अशा कामाला ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एकच वाटणारं अख्खं अक्षर, वापरा: जावास्क्रिप्टमध्ये इंटल.सेगमेंटर आहे, पायथनमध्ये वेगळं ‘रेजेक्स’ पॅकेज घालून बॅकस्लॅश मोठा एक्स ही खूण. तरी लायब्ररीची आवृत्ती बघा. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम यूनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. त्याआधीचं कोड ‘ष्ट्र’चे तीन तुकडे करतं आणि एकूण ६ सांगतं.

पायथनच्या मूळ ‘आरई’ या मजकूर शोधण्याच्या मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू-अधिक (म्हणजे ‘सलग अक्षरं’) लावून शब्द शोधलेत तर ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन शब्द होतात, कारण काना-वेलांटी त्याच्या लेखी अक्षरंच नाहीत. जावास्क्रिप्टचा डब्ल्यू तर फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर ओळखतो. तिथे यू फ्लॅग लावून लेटर (अक्षरं) आणि मार्क (काना-वेलांटीसारखी चिन्हं) हे दोन्ही गट एकत्र मागा, आणि जोडीला झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे जोडाक्षराचं रूप ठरवणारं न दिसणारं चिन्ह, तेही घ्या.

हा जॉइनर विसरलात तर मराठीत अर्थच बदलतो. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टाइप होते: ऱ, हलंत, य, किंवा साधा र, हलंत, जॉइनर, य, म्हणजे ‘दर्‍या’. पडद्यावर दोन्ही सारख्या, तुलनेत वेगळ्या. आता कोणी ‘न दिसणारी अक्षरं काढून टाका’ असं सफाईचं फंक्शन चालवलं की दुसऱ्या प्रकारातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो. ‘आचाऱ्यांना’ दिलेला निरोप ‘आचार्यांना’ जातो. कऱ्हाड आणि वऱ्हाडच्या पत्त्यांनाही हाच धोका.

एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची यूनिकोडची पद्धत, इथे कामाला येत नाही. र आणि सुटा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडून ते ऱ करतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. ते स्वतः करायचं: आधी एनएफसी, मग ‘र, हलंत, जॉइनर’ दिसेल तिथे ‘ऱ, हलंत’, आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर काढायचे. क्रम उलटा झाला तर ऱ गेला तो गेला, परत ओळखण्याची सोय नाही.

‘ॲ’ची गत तशीच. स्वतंत्र ॲ यूनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या मजकुरात अ आणि वर चंद्र अशी जोडणी असते, आणि काही कीबोर्ड अजून तीच देतात. ‘ॲप’ शोधल्यावर ‘अॅप’ सापडत नाही, एनएफसी केल्यावरही नाही. इथेही बदली हातानेच लिहावी लागते, आणि ती नुसती साठवलेल्या डेटावर चालवून भागत नाही. शोधायला टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून न्यावा लागतो.