वेड्या बाभळीचा धूर

आमची रविवारची सकाळ म्हणजे टेक्सासमध्ये भाच्याची शनिवारची रात्र. फोन लागला की कॅमेरा त्याच्या तोंडावर कधीच नसतो, शेगडीत धुरावर शिजणाऱ्या बीफवर असतो. "मामा, मेस्किटचं लाकूड, दुसरं काही नाही." एकदा त्याला म्हटलं, झाड तरी दाखव. त्यानं फोटो पाठवला. काटे, बारीक पानं, लांबोडक्या शेंगा. अरे, ही तर वेडी बाभूळ! सख्खी नसेल, चुलत नक्कीच. आमच्या रानातली वेडी बाभूळही मूळची अमेरिका खंडातलीच. इकडे बांधावर, ओढ्याला, रुळाकडेला माजलेली. सगळे शिव्या घालतात आणि कोळसाही तिचाच पाडतात. तिकडे हिच्याच भावकीचं लाकूड पिशव्यांतून विकत घेतात म्हणे.

मग आपणही असं धुरावरचं मांस करावं, पातळ कापून सँडविचात घालावं म्हटलं. महाराष्ट्रात गाय कापायला आधीपासूनच बंदी, २०१५ पासून बैलही बंद, त्यामुळे म्हशीचं आणलं. आमच्याकडे त्याला 'मोठ्याचं' म्हणतात. कापायला दाखला मिळतो तो कामातून उतरलेल्या जनावराला, म्हणजे वय झालेलं, कष्ट केलेलं मांस. चरबी बेताची. भाच्यासारखं रात्रभर शिजवत बसलं तर चपलेचा तळवा हातात येणार.

पहिल्या खेपेला लाकूड ओलं होतं. गच्चीवरच्या लोखंडी पिंपातून असा पांढरा लोट निघाला की शेजारच्या काकू जिन्यातूनच ओरडल्या, "काय जळायलंय वो?" मांस जळालं नव्हतं, पण कडू झालं होतं. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड नीट पेटलेलं नाही. हवा तो निळसर, आहे की नाही असं वाटणारा धूर. हे कळायला एक किलो मांस गेलं.

आता शहाणा झालोय. मांडीचा बिनहाडाचा अख्खा तुकडा आदल्या रात्री मीठ-मिरी चोळून फ्रीजमध्ये ठेवतो. निखारे पिंपाच्या एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, आतली धग ११० अंशांच्या आसपास. बाभळीच्या वाळक्या ढलप्या दोन-तीनच, कारण हा धूर तिखट असतो. दोन-अडीच तासांत तुकड्याच्या पोटातलं तापमान ६३ अंशांवर गेलं की बाहेर. बाहेर काढल्यावर लगेच कापायचं नाही, गुंडाळून मुरू द्यायचं. भाचा त्यासाठी टॉवेल वापरतो. सोलापुरात राहून टॉवेल कशाला शोधायचा? कागदात बांधून वर चादर लपेटली. आमच्या हिनं ती चादर पाहिली तेव्हा काय म्हणाली ते सोडून देऊ.

खरी परीक्षा सुरीची. गरम मांस फाटतं, म्हणून एक रात्र फ्रीजमध्ये. सकाळी तुकडा घट्ट झालेला, बाहेरून काळा, मिरीनं खरबरीत. धागे कुठल्या दिशेनं गेलेत ते नीट बघायचं आणि त्यांना आडवं कापायचं. धाग्याच्या दिशेनं कापलं की दोरखंड चघळल्यासारखं, आडवं कापलं की तेच म्हातारं मांस दातांखाली मऊ येतं. धार लावणाऱ्याकडून सुरी आणल्याशिवाय मी हात लावत नाही. सुरी दाबायची नाही, ओढायची. पहिले दोन काप जाड येतात, ते उभ्या-उभ्या कापणाऱ्याच्या तोंडात जातात, हा आमच्या घरचा अलिखित कायदा. तिसऱ्यापासून हात बसतो. काप खिडकीसमोर धरला तर कडेची काळी रेघ, तिच्या आत गुलाबी पट्टी आणि मधल्या तांबूस मांसातून थोडा उजेड दिसतो. एवढा पातळ झाला की जमलं.

सँडविचसाठी आधी कडक भाकरीच घेतली होती. कापासारखीच पातळ, म्हटलं जोडी जमेल. पहिल्याच घासाला भाकरीचा भुगा मांडीवर आणि मांस बोटांत. मग निमूट बेकरीचा पाव आणला. भाचा मोहरीचा सॉस लावतो, आम्ही शेंगांची चटणी दह्यात कालवून लावतो. वर कांदा, सात-आठ काप घडी घालून, रचून नव्हे. घडीत हवा राहते, चावायला बरं.

ती चादर दोनदा धुतली, उन्हात घातली, तरी वास जाईना. शेवटी माळ्यावर टाकली. आता शेजारचं मांजर दिवसभर तिच्यावर असतं, हाकललं तरी जात नाही.