ट्रॅक्टर प्रतीक नाई होय, सर

सोयाबीन निघायच्या दिवसांत बी.ए. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दहा-बारा मुलं आली तरी मी खूश असतो. त्या दिवशी एकवीस होती. आदल्या रात्री पाऊस कोसळला होता, वावरात पाय ठरत नव्हता, म्हणून पोरं कॉलेजात. त्यात आमच्या वाङ्मयप्रेमाचा काही वाटा नाही.

तास 'वाडा चिरेबंदी'चा होता. अठरा वर्षं हे नाटक शिकवतोय. नोट्स पिवळ्या पडल्यात. त्यातली वाक्यं बाजारातल्या गाइडमध्ये गेली की गाइडमधली माझ्या नोट्समध्ये आली, हे आता मलाही सांगता येणार नाही. नाटककार महेश एलकुंचवार मूळचे आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, हे सांगून मी दरवर्षी सुरुवात करतो. 1985 साली विजया मेहतांनी ते पहिल्यांदा बसवलं, पुढं 1994 साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'सकट तिन्ही नाटकं सलग केली, हेही सांगतो. मुलं लिहून घेतात. मग धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, वारलेले तात्याजी, मुंबईहून बायकोला घेऊन आलेला सुधीर. तेरवी इतमामात व्हायला हवी आणि पैसा तर कुणाकडेच नाही. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर, अंधारात येणाराजाणारा त्यावर आपटतो.

इथं पोचलो की माझं ठरलेलं वाक्य येतं : "हा ट्रॅक्टर म्हणजे सरंजामी मातीत न रुजलेल्या आधुनिकतेचं प्रतीक आहे." हे म्हणून मी पाच सेकंद थांबतो. लिहायला वेळ मिळावा म्हणून.

त्या पाच सेकंदांत मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, थे लोक थो इकत काऊन नाईत?"

मी म्हटलं, "अरे, ते प्रतीक आहे."

"प्रतीक असन सर. पन भंगारात देला तरी तेरवीचा खर्च निंघते ना."

वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर नव्हतं माझ्याकडे. अठरा वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मी सावरायला म्हणून विचारलं, "तुला बरं भंगाराचे भाव माहीत?"

"आमच्या इथं बी उभा हाय सर. सात वर्स झाले."

मग ते निघत गेलं, एकेक वाक्य, मी विचारेन तसं. ट्रॅक्टर आजोबांच्या नावावर. आजोबा गेले. आरटीओत नाव बदलायचं तर सगळ्या वारसांच्या संमतीच्या सह्या लागतात. वडिलांची आहे, धाकट्या काकाची आहे, मोठ्या काकाची नाही. का नाही? तर मोठे काका म्हणतात, आधी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवा, मग सही.

"मग ठरवून टाका ना पाळ्या."

"विहीर आटली सर. दोन वर्स झाले."

आता कुणी हसलं नाही. बहुतेकांच्या घरी अशी एखादी आटलेली विहीर असावी.

तो सांगतच होता. ट्रॅक्टर विकता येईना तेव्हा धाकट्या काकानं एक दिवस येऊन बॅटरी काढून नेली, आपल्या हिश्शाची म्हणून. ते कळल्यावर मोठ्या काकानं जॅक लावून मागचं एक चाक काढलं आणि बैलगाडीत घालून नेलं. त्याच्याकडे ट्रॅक्टर नाही. चाक त्याच्या ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलंय, टायरमध्ये कोंबडी अंडी घालते.

"पण एकच चाक का?" मी अगदी भाबडेपणानं विचारलं.

"हिस्सा तेवढाच येते ना सर."

(याच मुलानं पुढं परीक्षेत 'ट्रॅक्टर हे न रुजलेल्या आधुनिकतेचे प्रतीक आहे' असं शुद्ध भाषेत लिहिलं. कोंबडीचा उल्लेख नाही. मी त्याला दहापैकी सात दिले. दुसरं काय देणार होतो?)

त्या चाकासमोर माझ्या नोट्स फिक्या पडल्या हे मला कळत होतं. ॲब्सर्ड, म्हणजे जगण्यातली विसंगती दाखवणारं नाटक म्हटलं की मी महायुद्धापासून सुरू करतो, नाटककार बेकेटपर्यंत येतो आणि मग एकदम पुण्यात उतरतो : 1974, आळेकरांचं 'महानिर्वाण', मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात आणि आपल्याला जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हटून बसतात. हे सगळं किती विक्षिप्त आहे ते मी दरवर्षी मुलांना पटवून देत असतो. त्यांना ते कधी फारसं पटत नाही, याचं कारण मी त्यांच्या वाचनात शोधत आलो.

पण मास्तर हरायला तयार नसतो. मीही माझ्याकडचं एक चाक बाहेर काढलं. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'ची गोष्ट सांगितली. इस्टेटीसाठी बापाला आणि एकमेकांना फाडून खाणारी पितळ्यांची पोरं. 1970 साली डॉ. लागूंनी ते रंगभूमीवर आणलं, तेव्हा सेन्सॉरला माणिकच्या लुगड्यावरचा रक्ताचा डाग चालेना. शेवटी डाग निळा केला, आणि 'हा निळा डाग लाल समजावा' असं प्रेक्षकांना आधीच सांगून प्रयोग व्हायचा. भाऊ बहिणीच्या पोटावर लाथा घालतो ते चाललं, रंग चालला नाही. यावर मुलं मनापासून हसली आणि माझा जरा जीव थाऱ्यावर आला.

तेव्हा दुसऱ्या ओळीतल्या मुलीनं हात वर केला. ही फारशी बोलत नाही. दुपारी कॉलेज सुटलं की तहसीलसमोरच्या एका दस्तलेखकाकडे टायपिंगला बसते, ते मला ठाऊक होतं.

"सर, प्रभाची सही झाली होती का?"

"कशावर?"

"हक्कसोडवर. वडील वारले ना तिचे. वारस तर तीपण आहे."

नाटकात प्रभा आहे, तिला शिकायचं होतं आणि शिकू दिलं नाही, हे मी दरवर्षी 'स्त्रीपात्रे' या मथळ्याखाली अर्ध्या पानात सांगतो. तिच्या सहीबद्दल माझ्याकडे काही नव्हतं. म्हटलं, नाटकात तसा प्रसंग नाही.

"मग राहिली असेल करायची," ती म्हणाली. "आमच्याकडे तेराव्यानंतरच येतात. दिवसाला दोन-तीन तरी."

मी विचारलं, काय टाइप करतेस त्यात, सांग वर्गाला. तिनं उभं राहून म्हणून दाखवलं, पाढे म्हणावेत तसं, न अडखळता : "सदर मिळकतीमधील माझा अविभक्त हिस्सा मी माझे बंधू यांचे लाभात, बंधुप्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, कायमचा सोडून देत आहे. यावर माझा अगर माझे वालीवारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही." सगळ्यांचं हेच असतं, म्हणाली. फाइल तीच, फक्त नाव, गट नंबर आणि तारीख बदलायची. 'बंधुप्रेमापोटी' कधी पुसायला लागत नाही.

वर्गातून कुणीतरी विचारलं, बाया वाचतात का ते?

"चष्मा घरी राहिला म्हणतात." मग जरा थांबून, "भाऊ साडी घेऊन आलेले असतात. पिशवी आमच्या टेबलाखाली ठेवतात. निबंधकाकडे फोटो आणि अंगठा झाला की मगच काढतात. फोटोच्या वेळी सांगतात, ताई, पदर नीट घे."

बेल झाली. मी हजेरी घ्यायची विसरलो ते स्टाफरूममध्ये लक्षात आलं.

संध्याकाळी एका वकील मित्राला फोन केला. म्हटलं, 1985 साली प्रभाला काय मिळालं असतं? त्याला नाटक ठाऊक नव्हतं, त्यामुळे उत्तर सरळ मिळालं. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या हिश्शात मुलगी वारस होतीच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं ती महाराष्ट्रात 1994 साली आली, तेही आधी लग्न होऊन गेलेली नसेल तर. देशभर 2005 साली. आणि बाप तेव्हा हयात असो-नसो, हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली मिटवला. "पण राहत्या घराचं वेगळं होतं," तो म्हणाला. "कलम 23. घरात मुलगे राहत असतील तर घराची वाटणी मुलीला मागता येत नसे. मुलगे आपसात वाटून घ्यायचं ठरवतील तेव्हाच तिला. तोवर तिला नुसता राहायचा हक्क. तोही कुणाला? तर बिनलग्नाची, नवऱ्यानं टाकलेली किंवा विधवा असेल तर. 2005 साली काढलं ते कलम."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पुस्तकातली प्रभा शोधत बसलो. लग्न नाही, शिक्षण नाही, वाडा सोडून जायला जागा नाही. जिला मी अठरा वर्षं 'कोंडमारा' या एका शब्दात बसवत होतो, ती कलम 23मध्ये तंतोतंत बसत होती. नाटककारानं कायदा उघडून पाहिला असेल असं मला वाटत नाही. त्यानं घर पाहिलं असेल.

आता जे वर्गात सांगितलं नाही ते. आमचे बाबा चार वर्षांपूर्वी गेले. घर आणि पाच एकर. ताई आली, सही केली, अंगठा दिला. चष्मा तिच्या पर्समध्ये होता, तिनं काढला नाही आणि मीही काढ म्हटलं नाही. साडी मी घेतली होती, हिरवी, बुट्ट्यांची. पिशवी टेबलाखाली नव्हती ठेवली, माझ्या हातातच होती. एवढाच फरक.

त्या रात्री ताईला फोन लावला. तिला वाटलं आईला काही झालं. म्हटलं नाही, सहज. इकडचं तिकडचं झालं, पाऊस झाला, सोयाबीन काळं पडतंय. मग विचारलं, ती हिरवी साडी नेसतेस का गं कधी?

"कोणती?"

"सहीच्या दिवशी घेतलेली."

"अरे, ती," ताई म्हणाली. "ती नणंदेच्या मुलीच्या लग्नात देण्याघेण्यात दिली. त्यांनीही पुढं कुणाला तरी दिली म्हणे. काठ जरा हलके होते रे तिचे."