गुत्ती

काचेच्या डबीवर लेबल होतं : 'गूटी'. जर्मनीतल्या हामच्या प्राणीबाजारात टॅरँटुला म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांच्या टेबलापुढे मी तिथेच थबकलो.

अहो, ही तर आपली गुत्ती! आंध्रातली, मुंबई-चेन्नई लाइनवरची. गुंतकल सुटलं की लगेच येते ती. लहानपणी आजोळी जाताना तिथला चहा कितीदा प्यायलोय.

विकणाऱ्या आजोबांनी टॉर्च मारला. सालीच्या आडोशाला मोठी मादी पाय फाकवून बसलेली. रंग निळा, पण साधा निळा नाही. मोराच्या मानेवर ऊन पडल्यावर दिसतो तसा. गंमत म्हणजे हा निळा रंगद्रव्याचा नाहीच, केसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या उजेडाचा. शेजारच्या डबीत नखाएवढं पिल्लू, अजून मळकटच. किंमत 15 युरो.

1899 मध्ये पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने या कोळ्याचं वर्णन केलं, ते गुत्तीच्या रेल्वे लाकूडवखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून. बहुधा लाकडांबरोबरच आला असावा बिचारा. त्यानंतर थेट 2001 मध्ये दिसला, तोही तिथून शंभरेक किलोमीटर लांब, नंद्याल-गिद्दलूरच्या जंगलात. आज 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. झाडांच्या ढोल्यांत राहतो, आणि ढोली असलेली जुनी झाडंच तिथे तुटतायत.

"इकडेच जन्मलेली आहेत सगळी," आजोबा म्हणाले. मग कौतुकाने विचारलं, "तुम्ही तर तिकडचे! झाडावर पाहिलं असेल ना?"

मी नुसता हसलो. काय सांगणार, चहा प्यायलोय म्हणून?

तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का हो?