खडखड एकीकडे, दुखणं भलतीकडे

माझे वडील सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका पॉवरलूम कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. चोवीस माग एकदम धडधडत असताना त्यातल्या सातव्याचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तुकडा, पेटीत नीट बसत नाही, हे अण्णांना दारातून आत येतानाच कळायचं, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. ते कान मला वारशात मिळालेत, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या वर्षी ती समजूत मला आठ हजार रुपयांना पडली.

गाडी २००९ची स्विफ्ट. पेट्रोल, १.३ लिटरच्या जुन्या इंजिनाची, रंग चंदेरी म्हणायचा. २०१४ मध्ये मी ती जुनीच घेतली. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं भरली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. नवरा, जो स्वतः गाडी चालवत नाही, तो म्हणाला, काढून टाक. मी पाच हजार शुल्क आणि वर पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज जाणं-येणं आहे, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. त्या अंतरासाठी नवीन गाडीचा हप्ता कुठल्या खात्यात टाकायचा, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तर खडखड. हळू चाललं की पुढून कुठून तरी ‘खडक्-खडक्’ असा कोरडा आवाज यायचा. वेग घेतला की तो टायरांच्या आवाजात बुडून जायचा. मी आठवडाभर काचा खाली करून, एफएम बंद करून ऐकलं आणि निकाल दिला: उजवा शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के पिणारा दांडा, गेला. मोठ्या रस्त्यावरच्या, काचेची केबिन असलेल्या एका गॅरेजात गेले आणि तेच सांगितलं. त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोनदा दाब देऊन बघितलं, मान हलवली, आणि संध्याकाळी पुढचे दोन्ही शॉकअप बदलून गाडी हातात दिली. शॉकअप जोडीनंच बदलतात, हे खरं आहे. एक नवा एक जुना ठेवला तर गाडी दोन्हीकडे सारखी बसत नाही. बिल सात हजार नऊशे. गॅरेजच्या बाहेर पडले, डावीकडे वळले, आणि गटारीच्या खोदकामावर ‘खडक्-खडक्’.

त्यांना दोष द्यायचा तर निम्मा मलाही द्यावा लागेल. गिऱ्हाईक स्वतःच आजार आणि औषध दोन्ही सांगत असेल तर कोण तपासायला बसतो?

त्यानंतर दोन महिने मी चिडून तशीच गाडी चालवली. मग एका गुरुवारी सासूबाईंना घेऊन अक्कलकोटला निघाले. हंगाम सुरू होता. वळसंगच्या अलीकडे पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही. ब्रेक जरा जोरात दाबला तर गाडी थांबता थांबता डावीकडे ओढली गेली, साइडपट्टीच्या खडीत डावं चाक उतरलं. फार काही झालं नाही. सासूबाईंच्या मांडीवरची शेंगाचटणीची पुडी खाली पडली, एवढंच. पण स्टेअरिंग मी सरळ धरलेलं होतं, आणि गाडी सरळ गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आधी विजापूर रोडला अलाइनमेंटला, म्हणजे मशीनवर चाकांची दिशा सरळ लावून घ्यायला, गेले. वर्षात तिसऱ्यांदा. या वेळी दुकानात नवा माणूस होता. त्यानं डावं टायर आतल्या कडेनं तळव्यासारखं गुळगुळीत झालेलं दाखवलं, चाक धरून हलवलं आणि मशीन लावायलाच नकार दिला. “मॅडम, खाली सगळं ढिल्लं हाय. मी आकडा हिरवा करून देतो, तुम्ही चौकापर्यंत जाईस्तवर परत लाल होतंय. आधी काम करून या.” चारशे रुपये सोडून देणारा माणूस विरळा. आधीच्या दोन वेळचे आठशे मी मनातल्या मनात बुडीत खात्यात टाकले.

कारखान्यातल्या टेम्पोवाल्यानं मेस्त्रीचा पत्ता दिला. अशोक चौकाच्या पुढं, एका बोळात, पत्र्याचं शेड. मेस्त्री घरी तेलुगू बोलतो, पोराशी कन्नड मिसळतो, माझ्याशी सोलापुरी. मी तोंड उघडलं, “उजवीकडून आवाज...” तर म्हणाला, “आवाजाचं मागनं बघू की अक्का. मला येवढंच सांगा, गतिरोधकावर दोन्ही चाकं बरोबर चढली की वाजतंय, का एकच चाक खड्ड्यात गेलं की वाजतंय?”

मला सांगता येईना. इतके दिवस कान लावून बसले होते आणि हे बघितलंच नव्हतं. तो पोराला शेजारी बसवून बोळातून एक चक्कर मारून आला. एकच चाक गेलं की. मग त्यानं समजावलं, ते असं: पुढच्या दोन चाकांना आडवा जोडणारा एक स्प्रिंगच्या पोलादाचा बार असतो. गाडी वळणावर एका बाजूला कलू नये म्हणून. त्या बारला दोन्ही टोकांना एकेक छोटी दांडी, तिला लिंक रॉड म्हणतात, दांडीच्या दोन्ही टोकांना गोळीचे सांधे. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार नुसता फिरतो, दांडीवर ताण येत नाही. एकच चाक गेलं की बार पिळतो, आणि झिजलेला सांधा वाजतो. माझी डावी लिंक रॉड गेली होती. डावी! लोखंडाच्या सांगाड्यातून आवाज फिरून उजव्या पायापाशी यायचा. माग उघडा असतो, जिथं वाजतं तिथंच ऐकू येतं. गाडी म्हणजे सगळा पत्र्याचा डबा.

“ह्यानं काय मरत नाय माणूस,” मेस्त्री म्हणाला. “सहा-सातशेची वस्तू हाय. तुटली तरी गाडी घरी येती. आता न वाजणारं बघू.”

पुढची दोन्ही चाकं जॅकवर घेऊन खाली आधाराला लोखंडी घोडे लावले. पोरानं डावं चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरलं आणि डावं-उजवं हिसडू लागलं. मेस्त्री मला म्हणाला, “कान ऱ्हाऊ दे, हात द्या हिकडं,” आणि माझा अंगठा टाय रॉड एंडच्या मानेवर ठेवला. स्टेअरिंगच्या रॅकमधून निघणारी दांडी चाकाला जिथं धरते, तो सांधा. आवाज शून्य. पण अंगठ्याखाली प्रत्येक हिसड्याला काहीतरी सरकत होतं, दात हलतो तसं. रबराचं टोपण तडकलेलं, आतलं ग्रीस काळ्या मातीच्या धुळीत मिसळून पॉलिश पेपरचं काम करत होतं. एप्रिल-मेमध्ये इथं पारा बेचाळीसच्या वर जातो, रबर किती दिवस मऊ राहणार? हा गोळा खोबणीतून निसटला तर स्टेअरिंग आपल्या हातात आणि ते चाक स्वतःच्या मनानं. मग चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. तिथं काही नाही, म्हणजे बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट धड. मग लांब पहार घेऊन त्यानं लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी धरणारा लोखंडी हात, मागं रेटला. त्याचं मागचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, जवळजवळ निम्म्यापर्यंत फाटलं होतं, रबराची जीभ बाहेर लोंबत होती. ब्रेक लागला की अख्खं चाक बोटभर मागं जात होतं. वळसंगला जे झालं ते हे.

गर्जेल तो पडेल काय, हे आपण पावसाबद्दल म्हणतो. मला त्या बोळात, गुडघ्यावर बसून, बोटाला काळं ग्रीस लागलेलं असताना ते आठवलं. आणि अण्णाही आठवले. ते कानानं माग ओळखायचे, हे खरं. पण पाना लावायच्या आधी माग बंद करून, एकेक भाग हातानं हलवून बघायचे, तेही मी लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा बघितलेलं होतं. त्यातलं सांगण्यासारखं तेवढं लक्षात राहिलं, बाकीचं गळालं.

सामान मी स्वतः आणलं. लोअर आर्म दोन, ३,६००. लिंक रॉडची जोडी १,३००, टाय रॉड एंड ९५०, रॅक एंड, म्हणजे त्याच दांडीचा रॅककडचा सांधा, १,१५०, त्यावरचे रबरी बूट २५०. दुकानदारानं आधी एक निम्म्या किमतीचा आर्म काउंटरवर ठेवला होता, त्याच्या बुशात नखानं दाबलं तर खोडरबरासारखं रुतलं. परत केला. उजव्या आर्मचं बुश नुसतं तडकलेलं होतं, मेस्त्री म्हणाला वर्षभर चालंल. पण तो नंतर बदलायचा तर परत मजुरी, परत अलाइनमेंट. हिशेबाच्या बाईला हे पटवावं लागत नाही.

कामाला शनिवार अख्खा गेला. मी स्टूल टाकून बसले होते, कारण घरी गेले असते तरी लक्ष इथंच राहिलं असतं. टाय रॉड एंड काढायची त्याची रीत मला फार आवडली. नट सैल करून ठेवला, आणि बोल्टच्या टोकावर न मारता ज्या लोखंडी कानात तो बसलेला असतो त्या कानाच्या दोन्ही अंगांनी दोन हातोडे एकदम मारले. तिसऱ्या ठोक्याला ‘टप्प’ करून सुटला. टोकावर मारलं तर आटे बसतात आणि सांधा तसाच ऱ्हातो, म्हणाला. कोकणातून, मुंबईतून आलेली गाडी असली की गंजानं बोल्ट हलत नाहीत, मेस्त्री शिव्या घालत गॅस कटर काढतो. आपल्याकडं हवा कोरडी, बोल्ट मुकाट्यानं निघतात. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपकार.

जुना एंड दांडीवरून फिरवून काढताना पोरगं मोठ्यानं फेरे मोजत होतं. साडेसतरा. मेस्त्रीनं खडूनं बॉनेटच्या आतल्या बाजूला ‘डा १७॥’ लिहिलं, उजवीकडचे सतरा. नवा एंड तितकेच फेरे आत घातला म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी तिरपी न जाता पोचते. पुढचं मशीनवर.

आणि लोअर आर्मचं. आर्म लावले, बोल्ट घातले, पण आवळले नाहीत. मी विचारलं, विसरलात का? पोरगं हसलं. “थांब की बे,” मेस्त्रीनं पोराला गप्प केलं आणि मला सांगितलं, की चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर बुशाचं रबर त्याच स्थितीत चिकटून बसतं. मग गाडी जमिनीवर आली, चाक वर सरकलं, की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. म्हणून गाडीचं वजन चाकांवर आणायचं, मगच शेवटचा आवळा. चारही चाकांखाली लाकडाचे जाड ठोकळे सरकवले, गाडी त्यांवर उतरवली, पोराला पुढच्या सीटवर बसवलं आणि मेस्त्री खाली सरपटत गेला. ठोकळ्यांना मधोमध चौकोनी खाचा होत्या. मी निरखून बघितलं. जुन्या हातमागाच्या खांबाचे तुकडे होते ते.

“आमच्या आज्ज्याचा माग,” खालून आवाज आला. “कोण इकत घ्यायला तयार नव्हतं.”

मजुरी १,८००. सोमवारी अलाइनमेंट, ४००. त्याच माणसानं, या वेळी चाक हलवून बघितलं, काही बोलला नाही, मशीन लावलं. सगळं मिळून नऊ हजार साडेचारशे. यात आधीचे शॉकअप धरलेले नाहीत. ते वेगळ्या पानावर आहेत, आणि ते पान मी नवऱ्याला दाखवत नाही.

पहिले चार दिवस मात्र गाडी उजवीकडे जात होती. परत दुकानात जायच्या बेतात होते, तर लक्षात आलं, गाडी नाही, मीच नेत होते. दीड-दोन वर्षं डावीकडची ओढ सांभाळायला मी स्टेअरिंग जरा उजवीकडे दाबून धरत होते, आणि हाताला ते कळलंच नव्हतं. होटगी रोडच्या सरळ पट्ट्यात एकदा हात अगदी सैल सोडून बघितले. सरळ गेली.

जुने भाग मी मेस्त्रीकडून मागून घेतले, वर्तमानपत्रात बांधून. सासूबाईंनी पुडकं उघडून टाय रॉड एंड उचलला, गोळा खोबणीत गुळगुळ फिरवून बघितला आणि विचारलं, “हा वाजत होता?”

“नाही, तो गप्प होता.”

त्यांनी तो खाली ठेवला आणि हात धुवायला गेल्या. मागच्या चाकांकडच्या बुशांना मेस्त्रीनं जानेवारीतली गड्ड्याची जत्रा झाल्यावर बोलावलंय. सध्या तिकडून काही आवाज येत नाही.